यादीतलं चौथं नाव

क्रीडाखोलीतलं लोखंडी कपाट उघडायची हनुमंत सरांची एक पद्धत होती. आधी खाली डाव्या कोपऱ्यात लाथ, मग किल्ली. उलटं केलं तर कपाट दाद देत नसे. ही युक्ती अख्ख्या शाळेत दोघांनाच ठाऊक. एक सर, आणि दुसरी पंकजा. ती पाचवीत असताना लेझीम काढून आणायला सरांनी तिच्या हातात पहिल्यांदा किल्ली दिली होती. आता ती तेवीस वर्षांची होती, नगरच्या कॉलेजात बी.पी.एड.च्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या, दुसऱ्या वर्षाला होती, आणि इंटर्नशिपसाठी पाथर्डी तालुक्यातल्या आपल्या ह्याच जुन्या शाळेत तीन महिन्यांसाठी परत आली होती.

दुसरी शाळा मिळत नव्हती असं नाही. वर्गातल्या बहुतेकांनी सावेडीतल्या शाळा धरल्या होत्या. तिची मैत्रीण मनवा तर तिला हाताला धरून ओढत होती.

"अगं, इथं राहा. स्कूटीवर दहा मिनिटं. दुपारी घरी जेवायला. तिकडं धुळीत काय करणारेस?"

"तिकडं आमचे सर आहेत."

"सर काय, बाई, पैशाला पासरी. प्रत्येक मैदानावर एक शिट्टी घेऊन उभाच असतो."

"तसले नाहीत."

तसले नव्हतेच. दसरा झाला की गावातल्या निम्म्या घरांना कुलपं लागायची. माणसं ऊसतोडीला कारखान्यांवर जायची आणि पोरं आजीपाशी नाहीतर चुलत्यांकडे राहायची. अशा पोरांची सकाळ सरांची. सहाला मैदानावर हजेरी, मग नखं, मग दात, मग मूठमूठ भिजवलेले हरभरे. कुणाचे डोळे आले, कुणाच्या डोक्यात उवा झाल्या, कुणाच्या पायाला काटा कुजला, सगळं सरांना आईआधी कळायचं. मैदानावर चुन्याची फक्की मारताना ते चपला काढून ठेवत. खो-खोच्या पाट्या ते दोरी न लावता आखत आणि त्या सुताइतक्या सरळ येत. पंकजाचे आईवडील, कडूबाई आणि कारभारी, वर्षातले सहा महिने कारखान्यावर. त्या सहा महिन्यांत तिला बाप होता तो हा.

आणि एक वाक्य होतं. त्या वाक्यावर तिनं आपलं आयुष्य उभं केलं होतं.

ती दहावीत होती तेव्हाची गोष्ट. जिल्ह्याच्या कुमारी खो-खो संघाची निवड चाचणी नगरला झाली. पंकजा त्या दिवशी अशी खेळली की समोरच्या संघाच्या पोरी सामना संपल्यावर तिच्या पायात बूट कुठले ते बघायला आल्या. ती अनवाणी होती. दोन आठवड्यांनी सरांनी तिला मैदानावर बोलावलं. फक्कीची घमेली खाली ठेवली, हात झटकले आणि म्हणाले, "नाव नाही आलं पंकजा."

 मग सर म्हणाले, "एक सांगू का. तुझ्यातल्या खेळाडूपेक्षा शिक्षक मोठा आहे. बारीक पोरींना तू शिकवतेस ते मी लांबून बघतो. तू शिक्षिका हो."

झालं. राज्य स्पर्धा हुकली, पण हातात हे वाक्य आलं. बारावीत, बी.ए.ला, नगरच्या हॉस्टेलात, लग्नाची स्थळं परतवताना, प्रत्येक वेळी तिनं ते वाक्य काढून पाहिलं, पुसलं, परत ठेवलं. सरांनी म्हटलंय म्हणजे आहेच.

इंटर्नशिपमध्ये पाठ घ्यायचे, आरोग्य तपासणीची पत्रकं भरायची, आणि शाळेच्या क्रीडा विभागाच्या जुन्या नोंदवह्या, पत्रव्यवहार पाहून एक अहवाल लिहायचा असतो. बहुतेक विद्यार्थी तो अहवाल मागच्या वर्षीच्यावरून उतरवून काढतात. पंकजा त्यातली नव्हती. जानेवारीतल्या एका दुपारी सर मुख्याध्यापकांच्या बैठकीला गेले असताना तिनं कपाटाला लाथ घातली, किल्ली फिरवली आणि सगळ्या फायली खाली मांडल्या. जुन्या कागदांचा वास, उंदरांनी कुरतडलेल्या कडा, सरांचं तिरकं, टपोरं अक्षर. तिला मजा वाटत होती. आपलं दहावीचं वर्ष सापडलं तेव्हा तर ती मांडी घालून बसली.

जिल्हा संघाचं पत्र होतं. निवड झालेल्या बारा मुलींची यादी. चौथं नाव: पंकजा कारभारी बडे.

तिनं ते तीनदा वाचलं. दुसरी कुणी पंकजा असेल म्हणून शाळेचं नाव वाचलं. त्याच्या मागं शाळेनं पाठवलेल्या उत्तराची स्थळप्रत टाचणीनं जोडलेली होती. अक्षर सरांचं. 'सदर खेळाडू आजारी असल्यामुळे सराव शिबिरास उपस्थित राहू शकत नाही. तरी राखीव खेळाडूस संधी द्यावी, ही विनंती.'

बाहेर आठवी ब ची मुलं विटी-दांडू खेळत होती आणि भांडत होती. पंकजानं फायली जागच्या जागी लावल्या, फक्त ते दोन कागद काढून घेतले. कपाट बंद केलं. मग मैदानावर जाऊन भांडण सोडवलं, निकाल दिला, आणि निकाल चुकीचा दिला. पोरं नंतर तेच तेच सांगत होती, "मॅडम, औट नव्हता तो."

दोन दिवस ती सरांशी नीट बोलली नाही. तिला वाटत होतं, विचारलं तर ते काहीतरी साधंसं सांगतील आणि सगळं सुटेल. आणि तिला भीती वाटत होती की सुटणार नाही. नाव आलं होतं आणि सर 'नाही आलं' म्हणाले. त्याच जागी, त्याच श्वासात ते दुसरं वाक्य म्हणाले होते. पहिलं खोटं असेल तर दुसऱ्याचं काय? हरलेल्या पोरीच्या हातावर ठेवलेला तो नुसता गुळाचा खडा असेल, तर ती गेली सात वर्षं कशाच्या मागं धावत होती? आणि पुढच्या गुरुवारी तिचा अंतिम पाठ होता. परीक्षक येणार होते. त्या पाठावर पदवी होती.

तिसऱ्या दिवशी ती टाचणाच्या वहीवर सही घ्यायला गेली. पाठ कसा घ्यायचा ते मिनिटामिनिटानं लिहिलेली ती वही. उघडून पुढं ठेवली, आणि तिच्यावर ते दोन कागद.

सरांनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढून खिशात ठेवला.

"सर, मी आजारी होते का?"

"नव्हतीस."

"मग?"

"कारभारीला विचार."

"लिहिलंय तुम्ही. आबांना का विचारू?"

"मी शब्द दिलाय त्याला. त्यानं सोडवलं तर बोलेन."

 तिला वाटलं होतं, ह्या गोष्टीत एकच माणूस आहे.

"सर, त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, तुझ्यात शिक्षक मोठा आहे. ते तरी खरं होतं का?"

सरांनी पेन काढलं, सही केली, तारीख घातली. मग म्हणाले, "आता मी हो म्हटलं तरी तुला पटायचं नाही."

रविवारी ती पहाटेच्या गाडीनं निघाली. नगरला गाडी बदलली, राहुरीच्या पलीकडं उतरली आणि कारखान्याचा तळ विचारत गेली. उसाच्या पाचटाच्या कोप्या ओळीनं उभ्या होत्या. मधून बैलं, मधून चुली, दोऱ्यांवर लुगडी. पहिल्याच कोपीपाशी गोजरबाई भांडी घासत होती. गावाकडं बड्यांच्या शेजारचं घर तिचं.

"आली का मास्तरीन? शिट्टी आनली का? आमच्या म्हाताऱ्याला जरा कवायत शिकव, लई वाकलाय."

"आनते पुढच्या खेपंला. आबा हायेत का?"

"हाय की. आज खाडा हाय, गाड्या न्हाईत." गोजरबाईनं तिच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं. "काय झालं गं? त्या मास्तरानं सांगितलं का काय, त्या टायमाचं?"

पंकजा जागीच थांबली. "तुमाला म्हाईत हुतं?"

"अगं बाई," गोजरबाई म्हणाली आणि राखेत हात बुडवून परत जोरजोरात घासायला लागली.

म्हणजे गोजरबाईला माहीत होतं. कोपीकोपीला माहीत होतं. सात वर्षं सणावाराला गावातल्या बायांनी तिच्या गालावरून हात फिरवला, "गुणाची पोर" म्हटलं, आणि त्या सगळ्यांना ते ठाऊक होतं.

कारभारी कोयत्याला धार लावत बसले होते. कडूबाई आत भाकरी करत होती. पंकजानं पाणीसुद्धा मागितलं नाही. उभ्याउभ्याच कागद पुढं केले. कारभारींना वाचता येत होतं, अक्षर जुळवून. त्यांनी यादीवर बोट ठेवलं, चौथ्या नावापाशी आपलं स्वतःचं नाव दिसलं तेव्हा थांबले.

"हनुमंत मास्तर गाडीवर आल्ता," ते म्हणाले. "त्या साली. एवढ्या लांब. सही मागायला. मी न्हाई म्हनलो."

"का?"

"तुझ्या आईची पिशवी काढली हुती तवा. ती कोपीत पडलेली. जोडीचा मिळून एक कोयता; मी एकटा, म्हंजी अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला मुकादम टोळीत ठेवीत न्हाई, तुला म्हाईत हाय. पंधरा-वीस दिसाचा सवाल हुता. तुमचं शिबिर दिवाळीच्या सुट्टीत; त्याच सुट्टीत तू येशील, आईच्या जागी उभी ऱ्हाशील, एवढाच हिशेब."

पंकजाला ते दिवस आठवले. पहाटेचं दव पडलेलं पाचट, हातांना पडलेले चिरे, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढताना थरथरणारे पाय. ती आपण होऊन आली होती. नाव आलं नाही, आता गावात राहून तरी काय करायचं, निदान आईच्या उपयोगी पडू, म्हणून आली होती. आबा तेव्हा तिला दर दुपारी रसाचा तांब्या आणून देत. तिला वाटायचं, हरलेल्या पोरीची समजूत काढताहेत.

"मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू आली नसतीस का?"

"आले असते."

"आली असतीस. पन रडत आली असतीस. मला ते बघवलं नसतं. म्हनून मास्तराला म्हनलो, तुमीच सांगा नाव आलं न्हाई. हरून आलीस ती गप आलीस." कारभारींनी कोयता बाजूला ठेवला. "मास्तर लई भांडला. म्हनला, पोरीशी खोटं बोलनार न्हाई. मी त्याच्या पाया पडलो."

आतून कडूबाई म्हणाली, "मला चार वर्सांनी सांगितलं ह्यांनी. मी काय करनार मग? झालेलं झालं हुतं."

"आई, तीन वर्सं तर तुलाबी म्हाईत हाय."

कडूबाईनं भाकरी उलटी केली.

 पंकजाला आबांचा राग येत नव्हता, म्हणजे यायला हवा तसा येत नव्हता. तो माणूस अर्धा कोयता झाला होता. बायको पाचटावर पडली होती. तिनं स्वतःच त्याला हात दिला असता. तेच तर तिला सलत होतं.

"आबा, मी दिलं असतं," ती म्हणाली. "तुमी माझ्या हातून घेतलं असतं तर मी दिलं असतं. तुमी मागनं काढून घेतलंत."

कारभारींनी कागद परत तिच्या हातात दिले. कडूबाईनं ताट वाढून आणलं. ती दोन घास जेवली, कारण आईनं केलं होतं, आणि तीनच्या गाडीनं परत फिरली.

गुरुवारचा पाठ द्यायचा की नाही, हे तिनं त्या गाडीत ठरवलं नाही. नंतरही ठरवलं नाही. टाचण लिहिलेलं होतं, सही झालेली होती, म्हणून ती गुरुवारी सकाळी पांढरा शर्ट, निळी ट्रॅकपँट घालून मैदानावर उभी राहिली. सरांशी आठवडाभरात तिची कामापुरती चार वाक्यं झाली होती. त्यांनी पहाटे स्वतः फक्की मारून ठेवली होती. पाट्या सरळ आल्या होत्या.

दोन परीक्षक. एक बाई, एक बुवा. दोघं खुर्च्यांवर, हातात गुणपत्रकं. सर लांब कडुनिंबाखाली, हात मागं बांधून. आठवी ब च्या मुली रांगेत. पस्तीस मिनिटं. विषय: खो-खो, खो देणे आणि घेणे.

हुकूम खणखणीत गेले. पूर्वव्यायाम झाला. प्रात्यक्षिक झालं. मग मुली पाटीवर बसल्या आणि सराव सुरू झाला. आणि धनश्री खो मिळायच्या आधीच उठली.

पंकजानं शिट्टी वाजवली, चूक दाखवली, समजावली. "हो मॅडम." लगेच तिच्या पलीकडची उठली, तीही आधीच. मग तिसरी. पंकजानं दुरुस्त केलं, आणि पुढच्या फेरीला तिघीही अशा सुबक उठल्या, अशा जागच्या जागी, की परीक्षक बाई हसून काहीतरी लिहायला लागल्या. विद्यार्थ्यांची चूक, शिक्षिकेची दुरुस्ती, विद्यार्थ्यांची प्रगती. गुणपत्रकातले तीन रकाने दहा मिनिटांत भरले.

पण धनश्री शाळेच्या संघातली. त्या तिघीही संघातल्या. तीन महिन्यांत त्यांतली एकही पोर एकदाही आधी उठली नव्हती. आणि उठायच्या आधी तिघींनीही एकेकदा कडुनिंबाकडं पाहिलं होतं.

पंकजा धनश्रीजवळ वाकली. "कुणी सांगितलं?"

"कोनी न्हाई मॅडम."

"धने."

"सरांनी. म्हनले, मॅडमचा पाठ झ्याक झाला पायजे. दोन दिवस तालीम केली आमी, तुमी आरोग्य केंद्रात गेल्ता तवा." मग तिनं काळजीनं विचारलं, "अजून एकदा चुकू का?"

पंकजा सरळ उभी राहिली. कडुनिंबाखाली सर तसेच होते, चेहरा प्रसन्न, हात मागं. पुन्हा तिच्या पाठीमागं. पुन्हा तिच्या भल्यासाठी. तिचा पाठसुद्धा तिचा नव्हता. कुणीतरी आधी बसवून, रंगवून, तिला फक्त मधे उभं केलं होतं.

तिनं टाचणाची वही मिटली आणि फक्कीच्या पिशवीवर ठेवली.

"मुलींनो, सराव बंद. दोन संघ करा. आता खेळा. चुकायचं असेल तर चुका, पण ठरवून कुणी चुकायचं नाही."

"पुढे दुरुस्तीचा सराव आहे ना टाचणात?" परीक्षक बुवांनी विचारलं.

"आहे सर. पण आत्ताची चूक खरी नव्हती. ती बसवलेली होती. मला माहीत नव्हतं."

बुवांनी बाईंकडं पाहिलं. बाईंनी घड्याळाकडं.

मग जो खेळ झाला तो नुसता धुरळा होता. कुणी चुकीच्या तोंडाला बसली, दोघी एकमेकींवर आदळल्या, एकीनं खो दिला आणि घेणारी हसत बसली. पंकजा पाटीच्या कडेनं चालत होती, गप्प, आणि बघत होती. तीन मिनिटं. चार. आणि तिला दिसलं ते दिशाचं उठणं. दिशा संघातली सर्वांत चपळ पोर. ती उठताना दर वेळी डावा हात जमिनीला टेकवत होती. वळताना फक्त डावीकडं वळत होती. उजवीकडचा गडी टप्प्यात असताना तिनं तो दोनदा सोडला.

शिट्टी वाजली. पंकजा मैदानात गेली, दिशासमोर गुडघ्यावर बसली आणि तिचा उजवा गुडघा दोन्ही हातांत धरला. आत गरम होता. वाटीच्या खाली बोट दाबल्यावर दिशानं ओठ चावला.

"किती दिवस?"

"काय न्हाई मॅडम."

"किती दिवस, दिशा?"

"महिना."

पाठाची वेळ तिथंच संपली. समारोप राहिला, विसर्जनाचा हुकूम राहिला. परीक्षक बाई जाताना म्हणाल्या, "नजर चांगली आहे तुमची. पण टाचण सोडलंत, त्याचे गुण जातील. पास व्हाल, पहिल्या श्रेणीचं मात्र धरू नका."

"चालेल मॅडम," पंकजा म्हणाली, आणि खरोखरच चालत होतं. हे तिचं तिलाच नवल वाटलं.

सर कडुनिंबाखालून आले. "कशाला मोडलंस? सोन्यासारखा चालला होता पाठ."

"सर, तो तुम्ही बसवलेला होता. मला न विचारता."

"अगं, सगळेच बसवतात. तुझं चांगलं व्हावं म्हणूनच ना."

"तेव्हाही चांगल्यासाठीच होतं."

तिनं सरांकडं पाहिलं. अठ्ठावन्नाला आलेला माणूस, मे महिन्यात निवृत्त होणारा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांची नखं कापलेला. पंकजाला त्यांची कीव आली आणि ती कीव तिला नकोशी झाली.

"दिशाचं काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"गुडघा. डॉक्टरला दाखवायला लागेल. निदान महिना खेळायचं नाही."

"पंधरा दिवसांवर निवड चाचणी आहे. आईबाप कारखान्यावर आहेत पोरीचे." सरांनी आवाज आणखी खाली आणला. "तिला आत्ता काही बोलू नकोस. मी बघतो, कसं सांगायचं ते."

 पंकजानं क्रीडाखोलीतून पाण्याची बाटली आणि ओला टॉवेल घेतला आणि पायरीवर बसलेल्या दिशापाशी गेली. टॉवेल गुडघ्यावर गुंडाळला. तिच्या शेजारी बसली.

"दिशा, ऐक. गुडघा सुजलाय. ह्यावर खेळलीस तर पुढच्या वर्षीसुद्धा खेळता येणार नाही. चाचणीला तू जाणार नाहीस. तुझ्या आईला फोन आपण दोघी मिळून करू. पण आधी तुला सांगतेय."

दिशानं तिच्याकडं पाहिलं. "म्हंजी यादीत नाव यायचंच न्हाई?"

"ह्या वर्षी नाही."

पोर रडायला लागली. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, मैदानावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. सर लांबून बघत होते. पंकजाच्या तोंडाशी पुष्कळ वाक्यं आली, गोड, उपयोगी, आयुष्यभर पुरतील अशी. तिनं त्यातलं एकही उच्चारलं नाही. टॉवेल तापला तेव्हा तो काढला, पाण्यात भिजवला, पिळला, आणि परत गुडघ्यावर ठेवला.